कवडीमोलाने विकली जाणारी कला

पावसाळा सरला की गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या पाठोपाठ लमाणी स्त्रियाही दिसू लागतात. कळंगुट, बागा, हणजूण येथील तापलेल्या वाळूतून, खांद्यावर कापडाचे गाठोडे आणि हातावर मण्यांच्या माळा घेऊन त्या दिवसभर चालत असतात. त्यांतील अनेकींचे मूळ घर उत्तर कर्नाटकातील तांड्यांवर. तेथील कोरडवाहू जमिनीवर वर्षाचे पोट भरत नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यापर्यंत सारा भार या एका गाठोड्यावर असतो.

हा समाज मुळात व्यापारी, कष्टाळू आणि स्वाभिमानी. लवणाची वाहतूक करणारा तो लमाण, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. १८०३च्या मराठे-इंग्रज युद्धात वेलस्लीच्या फौजेलाही धान्यासाठी त्यांच्यावर अवलंबून राहावे लागले होते. पुढे आगगाडीने हा व्यवसाय हिरावून घेतला आणि १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक प्रांतांत या फिरत्या व्यापाऱ्यांना गुन्हेगार ठरविले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. याच समाजातून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. मात्र तांड्यावरच्या सगळ्याच लेकीबाळींचे नशीब त्यामुळे पालटले नाही.

व्यापार गेला तरी स्त्रियांच्या हातची सुई राहिली. जाड सुती कापडावर आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत दोऱ्यांचे घट्ट टाके घालून सजविलेला फेटिया आणि कांचळी म्हणजे या समाजाचा चालताबोलता इतिहासच. सांडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. जुलै २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमित्ताने हंपी येथे साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १७५५ वस्तू मांडून जागतिक विक्रम नोंदविला गेला. परदेशी पाहुण्यांनी कौतुक केले, छायाचित्रे निघाली.

हीच कला किनाऱ्यावर आली की उपद्रव ठरते! गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा २००१ पासून आहे. २०२५च्या दुरुस्तीने विनापरवाना फेरीविक्रीसारख्या गोष्टींसाठी पाच हजारांपासून एक लाखापर्यंत दंडाची तरतूद झाली. दिवसाकाठी चार माळा विकणाऱ्या बाईने यातला किमान दंड तरी कोठून भरावा? पर्यटकांची तक्रार अगदीच निराधार आहे, असे नाही. मागे लागून केलेली विक्री नकोशी वाटते. आईबरोबर फिरणाऱ्या मुलांची शाळा बुडते, ही तर त्याहून गंभीर गोष्ट. परंतु यावर दंडाची पावती हा उपाय कसा होऊ शकेल? हणजूणच्या बुधवारच्या बाजारासारखी बसण्याची निश्चित जागा, ओळखपत्र आणि परवडेल असे भाडे मिळाले, तर बाईला पायपीट नको आणि पर्यटकाला कटकट नको. फेरीवाल्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा केंद्राचा २०१४चा कायदा याच विचाराने झाला आहे.

ग्राहकाचेही काही चुकते. दुकानातल्या छापील किमतीपुढे मुकाट पैसे मोजणारी आपली मध्यमवर्गीय कुटुंबे वाळूवर बसलेल्या बाईशी मात्र वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. मग तिलाही घाऊक बाजारातला यंत्रावर केलेला स्वस्त माल गाठोड्यात भरावा लागतो. महिनोन्‌महिने खपून भरलेले कापड त्या भावात परवडत नाही. भरतकाम राहते ते जुन्या कपड्यांवर, आणि मागणी आली की त्यांनाच कात्री लागते. आईने किंवा आजीने लग्नासाठी भरलेला फेटिया उसवला जातो आणि त्याच्या पिशव्या व उशांचे अभ्रे होऊन किनाऱ्यावर येतात. असे फेटिये आता तांड्यांवर किती उरले असतील?