दोन घरें, एक शेत

आपल्या परभणी जिल्ह्यांत अनेक शेतकरी कुटुंबांचीं आज दोन घरें झालीं आहेत. मुलांच्या शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं एक बिऱ्हाड परभणी, नांदेड किंवा पुणें येथें, आणि वडिलोपार्जित घर गांवीं. यांत दोष देण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु शहरीं राहणाऱ्या धन्याचें गांवाशीं नातें किती उरतें, याचा विचार अवश्य व्हावा.

बहुधा तें बटईच्या हिशेबापुरतें उरतें. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यापासून कूळ लागण्याची धास्ती धन्याच्या मनांत बसली आहे. म्हणून बटई तोंडी आणि एका सालापुरती. पुढील सालीं जमीन आपल्याकडे राहील अशी शाश्वती नसतां बटईदारानें बांधबंदिस्ती व शेणखत यांवर घाम कां गाळावा? जिल्ह्यांत १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. पण तेथील ज्ञान शेतांत उतरावयास धनी बांधावर यावा लागतो.

दुसरी हानि गांवाची. मतदारयादींत नांव असेल तोच ग्रामसभेचा सभासद, आणि नांव एकाच ठिकाणीं नोंदवितां येतें. शिकलेलीं माणसें शहरचीं मतदार झालीं, कीं शाळा, रस्ता, पाणी यांविषयीं ग्रामसभेंत विचारणारें कोण उरतें?

यास्तव आमची सूचना अशी: घरांतील एकानें तरी वास्तव्य व नांव गांवींच ठेवावें, बांध व खताचा खर्च धन्यानें स्वतः सोसावा, आणि पेरणी व सुगीस सहकुटुंब गांवीं यावें. दुसरें घर जरूर बांधावें. पहिल्यास कुलूप मात्र लावूं नये.