जड उचलू नका, म्हणजे नेमकं काय?

बीपी निघालं की डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा, चालायला जा. घरी आलं की दुसरा सल्ला तयारच असतो, 'आता जड काही उचलायचं नाही हं!' पहिल्याबद्दल वाद नाही. पण दुसरा आपल्या पाथर्डीत कुणाला परवडतो? दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातल्या कितीतरी बायका कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारीला सांगायचं, जड उचलू नकोस! मागे गावात राहणाऱ्यांना पाण्याचे हंडे आणि दळणाचा डबा आहेच.

ही भीती अगदीच खोटी नाही. स्नायू जोरात आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बीपी वर जातं. श्वास रोखून धरला तर फारच वर. १९८५ साली कॅनडात तगड्या व्यायामपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा पायांनी प्रचंड वजन ढकलताना एकाचा वरचा आकडा चक्क ४८० पर्यंत गेला होता!

पण ही झाली त्या क्षणाची गोष्ट. बेताचं वजन, मोकळा श्वास आणि मध्ये विश्रांती, असा व्यायाम काही आठवडे नेमाने केला, तर विश्रांतीच्या वेळचं बीपी उतरतं. स्नायू सैल सोडला की दबलेल्या वाहिनीतून रक्त वेगाने धावतं. त्या धावण्याने वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि वाहिनी सैलावते. याच वायूचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं.

२०२३ मध्ये जगभरातल्या २७० चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनाच्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी साडेचारने उतरला, चालण्या-पळण्यानेही जवळपास तेवढाच. आणि जागच्या जागी स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामाने आठने! मला तर हे वाचून गंमतच वाटली, कारण त्याला भिंतीशिवाय काही लागत नाही.

'मग आम्ही दिवसभर ओझीच वाहतो, आम्हाला कशाला हवा वेगळा व्यायाम?' हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. पण मोळी तुम्हाला विचारून जड होत नाही. दमलं तरी थांबता येत नाही, श्वास रोखूनच उचलावी लागते, आणि रात्रीची झोपही पुरी होत नाही. व्यायामात वजन किती आणि थांबायचं कधी हे आपण ठरवतो. शरीराला हा फरक कळतो.

आता भिंतीचं. पाठ भिंतीला टेकवून, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवायचे. दोन मिनिटं धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला वीस सेकंदही जड जातील. गुडघे दुखत असतील तर कमी वाका. हातांसाठी पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात. आपल्याकडे जिम म्हटलं की पोलीस भरतीची पोरंच डोळ्यासमोर येतात, पण तिथे जायची गरज नाही. एकच नियम, उचलताना श्वास सोडायचा. बोलता येत नसेल तर वजन जास्त आहे असं समजा. आणि चालणं सोडायचं नाही.

बीपी १८० किंवा ११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल, हृदयाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी तर कुणीच आपल्या मनाने बंद करू नये.

ऊसतोडीला निघणाऱ्यांनी एवढं कराच. निघण्याआधी आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्या, पुरतील तेवढ्या गोळ्या मागून घ्या आणि औषधाची चिठ्ठी भाकरीच्या पिठाइतकी जपून सोबत न्या. कारखान्याजवळच्या दवाखान्यात ती दाखवली की तिथेही तीच गोळी मागता येते.