ताप आला, म्हणून दोष आईचा?

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाला ऑटिझम आहे, सहा वर्षांचा आहे. म्हणाली, "मला तिसऱ्या महिन्यात फ्ल्यू झाला होता. नेटवर वाचलं, त्यामुळेच होतं म्हणे. खरं का रे?"

मी काही डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण शनिवार-रविवार यातच घातला.

या म्हणण्यात तथ्यच नाही असं नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. पोटात असतानाच रुबेला झालेल्या २४३ मुलांपैकी १० जणांत ऑटिझम आणि ८ जणांत त्याची काही लक्षणं असल्याचं स्टेला चेस यांनी १९७१ मध्ये लिहिलं. पुढे कॅलटेकच्या पॉल पॅटरसन यांनी गाभण उंदरिणींची प्रतिकारशक्ती विषाणूशिवाय, नुसतं विषाणूची नक्कल करणारं रसायन टोचून चेतवली. तरीही पिल्लांचं वागणं बदललं! म्हणजे संशय आईच्या शरीराने दिलेल्या प्रतिसादावर. २०१६ मध्ये उंदरांतच इंटरल्यूकिन-१७ए हा रेणू अडवल्यावर हे बदल टळले.

पण उंदीर म्हणजे ताई नव्हे. डेन्मार्कच्या २०१० च्या अभ्यासात, पहिल्या तिमाहीत विषाणूसंसर्गामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सुमारे तिप्पट दिसलं. मात्र सगळे संसर्ग आणि सगळे महिने एकत्र धरले तर संबंध दिसला नाही. आणि कॅलिफोर्नियातल्या १,९६,९२९ मुलांच्या अभ्यासात आईचा फ्ल्यू आणि ऑटिझम यांचा संबंध सापडलाच नाही. शिवाय ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा.

आमच्याकडे सर्व्हर पडला की त्याआधी शेवटचा हात ज्याने लावला त्याची मान पहिली धरतात. बहुतेक वेळा खरा बग जुनाच असतो. आईचं तसंच होतं. एकेकाळी थंड स्वभावाच्या आईमुळे ऑटिझम होतो असं मोठमोठे तज्ज्ञ सांगायचे. तो आरोप खोटा ठरला. आता तोच आरोप 'प्रतिकारशक्ती'चं नाव घेऊन परत यायला नको, एवढंच माझं म्हणणं. संशोधन जरूर व्हावं, पण ते लाखो मुलांबद्दल बोलतं, एका आईवर निकाल देत नाही.

यातून करण्यासारखी एक गोष्ट मात्र निघते: रुबेलाची लस गरोदरपणाच्या आधीच घेतलेली असावी. लसीमुळे ऑटिझम होतो सांगणारा १९९८ चा निबंध लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, हेही लक्षात ठेवा.

ताईला एवढंच म्हणालो, "अगं, तुझ्या तापाने काही झालं नाही. झोप आता." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सहा वर्षांत हे कुणीच म्हटलं नव्हतं रे."