दोन दिवसांची मुंबई आणि मुक्कामाचे ठिकाण

पावसाळ्यात शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या पोलादपूर सोडून कुडपणच्या चढणीला लागतात. भीमाची काठी म्हणून ओळखला जाणारा उभा सुळका, दरीत कोसळणारे धबधबे आणि मकरंदगड-प्रतापगडाच्या अंगाने उतरणारे ढग पाहून ही मंडळी रविवारी संध्याकाळी परततात. उलट दिशेची ये-जा सुरू होते ती दिवाळी आटोपल्यावर. हंगाम ओसरतो, दुकानात उसंत मिळते, मुलांना सुटी असते. मग महाड-पोलादपूरच्या पेठांतील कुटुंबे आणि वरच्या गावांतील त्यांचे परिचित ‘दोन दिवस मुंबई करून येऊ’ असा बेत आखू लागतात. कुडपणला उतरणारा पाहुणा राहण्याच्या जागेविषयी एकच प्रश्न विचारतो, ‘दरी दिसते का?’ आणि मुंबईस निघालेला गृहस्थही एकच प्रश्न विचारतो, ‘भाडे किती?’ पहिला प्रश्न निदान जागेविषयी असतो. दुसऱ्यात तर जागेचा उल्लेखही नसतो.

वास्तविक मागच्या पिढ्यांना हे भान पुरते होते. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांनी गिरणगावातील चाळींत गावकीची खोली धरून ठेवली होती. एका खोलीत गावचे पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत. ती खोली हवेशीर नसे, पण गिरणीचा भोंगा ऐकू येईल आणि पायी वेळेवर पोहोचता येईल इतकी जवळ असे. जागेची निवड कामावरून झालेली होती. व्यापाऱ्यांचेही तसेच. सी. पी. टँक येथील हिराबाग ही धर्मशाळा दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या घराण्याची देणगी. तिच्या आसपास पाहिले म्हणजे तिचे स्थान किती विचारपूर्वक ठरवलेले होते ते उमगते. एका अंगाला काळबादेवी आणि भुलेश्वर, पुढे मूळजी जेठा मार्केट, मंगळदास मार्केट व झवेरी बाजार, पलीकडे पायधुणीचे श्री गोडीजी पार्श्वनाथ मंदिर आणि चालण्याच्या अंतरावर मरीन लाइन्स व चर्नी रोड ही स्थानके. बाहेरगावचा व्यापारी सकाळी पूजा करून पायीच पेठेत जाई, माल पाहून पायीच परते. वाहनाचा पैसा आणि वाहनाची वाट पाहण्याचा वेळ, दोन्ही वाचत.

मराठी मंडळींचे असेच एक प्रसिद्ध ठिकाण म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्य टिळकांचा मुंबईतील मुक्काम तेथे असे आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. बोरीबंदरला आगगाडीतून उतरणाऱ्या पुण्याच्या माणसाला सरदारगृह पायी गाठता येई, ही त्याच्या लौकिकातली मोठी गोष्ट होती. १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले तेव्हा गेटवे ऑफ इंडिया अस्तित्वात नव्हते; ते १९२४ मध्ये पूर्ण झाले. परदेशचा प्रवासी बोटीने येई म्हणून हॉटेल बंदरावर. पुढे तो विमानाने येऊ लागला, तेव्हा हॉटेलेही सहार-अंधेरीकडे सरकली. गिऱ्हाईक शहरात ज्या दाराने शिरते त्या दाराशी हॉटेल उभे राहते, हे व्यापाराचे जुनेच गणित आहे. म्हणूनच विमानतळाजवळचे हॉटेल विमानाने येणाऱ्याच्या सोयीचे. ते महाडकराच्या सोयीचे असेलच असे नाही. संगणकावर ते आकर्षक भाड्याला दिसले तरी ते कोणासाठी बांधले आहे, हे आधी पाहावे.

आता थोडा हिशेब. कुडपणहून शनिवारी पहाटे सहाला निघालेले कुटुंब घाट उतरून, महामार्गाला लागून, वाटेत चहापाणी करून दुपारी बाराच्या सुमारास मुंबईत येते असे धरू. रविवारी रात्री दहापर्यंत घरी पोहोचायचे तर मुंबई चार वाजता सोडावी लागते. हातात उरले अठ्ठावीस तास. त्यांतून झोपेचे आठ आणि स्नान, भोजन, आवराआवरीचे चार वजा केले की खरी मुंबई सोळाच तासांची. अंधेरी चर्चगेटपासून सुमारे बावीस किलोमीटर. मुक्काम अंधेरीला आणि पाहायचे सारे फोर्ट-कुलाब्याकडे असेल, तर खोलीपासून ठिकाणापर्यंत प्रत्येक फेरीस सव्वा तास सहज जातो. शनिवारी जाणे-येणे आणि रविवारी जाणे अशा तीन फेऱ्यांचे पावणेचार तास झाले. सोळातले सव्वाबारा उरले.

समजा, दूरच्या खोलीचे भाडे ३,००० रुपये आहे आणि शहराच्या जुन्या भागातील तशाच खोलीचे ४,५००. वरकरणी १,५०० रुपयांची बचत. परंतु वृद्ध, मुले आणि पिशव्या घेऊन लोकल व टॅक्सी मिळून एका फेरीस ४०० रुपये धरले तरी १,२०० रुपये तेथेच गेले. खर्च ४,२०० आणि हाती सव्वाबारा तास, म्हणजे तासाला ३४३ रुपये. जवळच्या खोलीत ४,५०० रुपयांत सोळा तास, म्हणजे तासाला २८१ रुपये. दुकानात मालाची पडतळ काढताना वाहतूक आणि तूट धरल्याशिवाय जो व्यापारी भाव ठरवत नाही, तोच सहलीच्या वेळी नुसत्या छापील भाड्यावर सौदा पक्का करतो, हे नवलच म्हणायचे. करही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्यापुढील खोलीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ७,५०० आणि ७,८०० या दोन खोल्यांतील खरा फरक त्यामुळे तीनशेचा राहत नाही. तो १,३०० रुपयांच्या वर जातो.

पैशाच्या हिशेबाहून महत्त्वाची गोष्ट जैन कुटुंबात वेगळीच असते. घरातील आजी-आजोबांचा चौविहार असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जुलैच्या आरंभी तो सव्वासातनंतरही दिसतो. म्हणजे ज्या दिवसांत आपली मंडळी मुंबईस जातात, नेमक्या त्याच दिवसांत संध्याकाळ आखूड असते. मुक्काम दूर असेल तर साडेचारलाच पाहणे सोडून परतीची लोकल धरावी लागते. गर्दीत ती चुकली की आजी काही न बोलता उपाशी राहतात. तरुण मंडळी ‘वाटेत काहीतरी खाऊन घ्या’ म्हणतात खरी, पण कंदमूळवर्ज्य, ताजे आणि वेळेत मिळणारे अन्न वाटेत कोठे शोधावे? सहलीचा आनंद सर्वांचा आणि तिची झळ मात्र एकट्या वृद्धेला, ही वाटणी न्याय्य नाही. काळबादेवी, भुलेश्वर, सी. पी. टँक या पट्ट्यात जैन भोजनाची सोय पावलोपावली आहे, सकाळच्या दर्शनाला मंदिर पायी गाठता येते आणि चर्नी रोडच्या बाजूने वाळकेश्वरचे बाबू अमीचंद पनालाल यांनी बांधलेले आदीश्वर मंदिरही फारसे दूर नाही. उकळलेले पाणी पहाटे मिळेल का, हा प्रश्न खोली ठरवण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारायला संकोच नसावा.

याच भागातून फोर्टकडे गेले की विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. शेअर बाजाराचे एकेकाळचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली ती मातोश्री राजाबाईंचे नाव मनोऱ्याला मिळावे म्हणून. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. उंची सुमारे २८० फूट. राजाबाईंची दृष्टी गेलेली होती आणि त्यांचा रात्रिभोजनाचा त्याग होता, तेव्हा घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना भोजनाची वेळ कळावी हा पुत्राचा हेतू होता, असे सांगितले जाते. एका वृद्धेच्या वेळेसाठी उभारला गेल्याची आख्यायिका असलेला मनोरा पाहायला घरच्या वृद्धेस न्यावे आणि तिचीच वेळ चुकवावी, असे निदान होऊ नये.

मात्र जुन्या भागाचे गुण सांगताना त्याचे दोष झाकणे योग्य नव्हे. तेथील कित्येक इमारतींत उद्वाहक नसतो किंवा असला तरी दोन माणसांचा. काही खोल्यांना खिडकीच नसते आणि छायाचित्रात हे कळत नाही. गाडी उभी करायला जागा मिळणे तर दैवाधीन. स्वतःच्या गाडीने निघालेल्यांना अटल सेतू जानेवारी २०२४ पासून खुला आहे. सुमारे २२ किलोमीटरचा हा पूल शिवडीस उतरवतो आणि तेथून पूर्व मुक्त मार्गाने फोर्ट जवळ आहे. परंतु गाडी मुंबईत पोहोचवणे आणि मुंबईत ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हॉटेलच्या स्वतःच्या आवारात जागा आहे की ‘समोर लावा’ असे उत्तर मिळते, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. नाहीतर पनवेलपर्यंत एसटीने येऊन तेथून हार्बर मार्गाची लोकल धरणे सोपे. ती सुमारे सव्वा तासात थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणते.

जाहिरातीतील अंतरे तर मुळीच प्रमाण मानू नयेत. ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ म्हणजे पक्ष्याने उडत गेल्यास पाच मिनिटे. स्थानकाच्या पूर्वेचे हॉटेल आणि पश्चिमेचे दर्शन यांच्यामध्ये लोहमार्ग आणि पादचारी पूल असतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो पूल पाच मिनिटांत ओलांडता येत नाही. पत्त्यात ‘मुंबई’ लिहून प्रत्यक्षात मीरा रोड किंवा वाशी निघाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पिनकोड पाहिला तरी पुरते. मुंबई शहर आणि उपनगरांचे क्रमांक ४०० पासून सुरू होतात हे खरे, पण नवी मुंबई आणि ठाण्याचेही तसेच, म्हणून शेवटचे तीन आकडे वाचावेत. ४००००१ फोर्टचा, ४००००२ काळबादेवीचा, ४००००४ गिरगावचा. वाशीचा ४००७०३.

सर्वांनी दक्षिण मुंबईतच उतरावे असे मात्र नव्हे. मराठी नाटकासाठी जाणाऱ्याने दादर धरावे. शिवाजी मंदिर तेथेच आहे, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर व माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर फार दूर नाहीत आणि रात्री अकरानंतर खेळ सुटला तरी खोली गाठण्याची चिंता उरत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील मोठ्या नाट्यगृहातील कार्यक्रमाचे तिकीट हाती असेल तर कुर्ला-वांद्र्याचा विचार करावा. उपनगरात लग्न असेल तर त्याच उपनगरात राहावे, याला पंचांग लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागल्यापासून आणखी एक पर्याय खुला झाला आहे. साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानकांच्या या मार्गावर काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, हुतात्मा चौक ही स्थानके आहेत. तिच्या एखाद्या उपनगरी स्थानकालगतची खोली आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. लोकलच्या गर्दीला घाबरणाऱ्यांनी तरी हा हिशेब नव्याने मांडावा.

समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी दुप्पट भाडे देणाऱ्यांविषयी काय लिहावे? मरीन ड्राइव्हचा कठडा विनामूल्य आहे आणि खोलीत माणूस बहुतेक वेळ निजलेलाच असतो.

रविवारचे शहर शनिवारहून निराळे असते, हेही ठिकाण निवडताना लक्षात घ्यावे. घाऊक कापडबाजार व झवेरी बाजार रविवारी बंद असतात. खरेदीचा बेत शनिवारच्या दुपारीच पार पडला पाहिजे. उलट फोर्टमधील कचेऱ्या बंद असल्याने रस्ते मोकळे असतात आणि जागतिक वारसा ठरलेल्या ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती निवांत पाहता येतात. त्याच दिवशी उपनगरी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावे, विशेषतः हार्बरने पनवेल गाठायचे असेल तर. आणि एक शेवटची चौकशी. काही जुन्या लॉजमध्ये खोली घेतल्यापासून चोवीस तास मोजतात, बहुतेक हॉटेलांत मात्र दुपारी एक-दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला सोडावी लागते. बाराला पोहोचणाऱ्या आणि चारला निघणाऱ्या कुटुंबाचे सामान मधल्या वेळात खाली ठेवून घेतात का, आणि आजींना टेकायला स्वागतकक्षात खुर्ची मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारावे.