अंदाज तुमचा, निकाल त्यांचा

शेळगावात अंदाज बांधणं काही नवीन नाही. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, उसाला पहिली उचल किती मिळणार, डाळिंबाचा भाव टिकणार का, यावर इंदापूर तालुक्यातल्या प्रत्येक टपरीवर रोज वाद होतात. हरणाऱ्याने चहा पाजायचा, विषय संपला.

आता समजा, याच पहिल्या उचलीवर मोबाइलवरून पैसे लावायची सोय झाली. ‘तीन हजारांच्या वर जाईल का? हो की नाही?’ तुम्ही पेपर वाचून, डोकं चालवून ‘हो’वर शंभर रुपये लावले. समोर ‘नाही’वर कोण बसलाय? कदाचित कालच्या संचालकांच्या बैठकीत चहा देणारा पोऱ्या. कदाचित खुद्द एखादा संचालक. त्याला अंदाज बांधायचाच नाही, त्याला ठाऊक आहे.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण धंदा खरा आहे. ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने तो आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये शिरला. गुरुग्रामच्या ‘प्रोबो’वर प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं, हो किंवा नाही, आणि दोन्हींची किंमत मिळून १० रुपये. दिसायला अगदी शेअर बाजार. सेबीने २९ एप्रिल २०२५ ला सांगून टाकलं की हे रोखे नाहीत आणि शेअर बाजारातलं कुठलंही संरक्षण इथे मिळणार नाही. जुलैत ईडीने प्रोबोवर छापे टाकून २८४.५ कोटींच्या ठेवी आणि शेअर गोठवले. कौशल्याच्या नावाखाली जुगार चालवला आणि अल्पवयीनांना रोखण्याची धड सोय केली नाही, असा ईडीचा आरोप आहे. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि दुकान बंद झालं.

तरी वाद संपलेला नाही. अजूनही पोरं मला सांगतात, ‘भाई, मटका हराम, मान्य. पण हे डोक्याचं काम आहे.’

मग मटक्याचंच बघू. मुंबईतला आकडा सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर. भाव उघडतो किती, बंद होतो किती, यावर पैसे लागायचे. १९६१ मध्ये तिथून भाव येणं थांबलं, मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका आला. त्याने गिरणगावातल्या किती घरांची चूल विझवली, ते वेगळं सांगायला नको. पण निदान कापसाच्या आकड्यावर पैसे लावणारा परळचा कामगार न्यूयॉर्कचा भाव हलवू शकत नव्हता. नव्या बाजारात तीही हमी नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉइनबेस कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग गुंतवणूकदारांशी बोलत होते. ते कोणते शब्द उच्चारतील, यावर लोकांनी पैसे लावले होते. बोलणं संपता संपता त्यांनी बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग, वेब३ असे शब्द ओळीने म्हणून टाकले, त्या पैजा माहीत असल्याचं सांगूनच. त्यांच्यासाठी ती गंमत होती. व्हेनेझुएलाचे मादुरो जानेवारी २०२६ मध्ये पकडले गेले, तेव्हा आधीच त्यावर पैसे लावून बसलेल्या एका अनामिक खात्याने चार लाख डॉलरहून जास्त कमावले. याला तुम्ही डोक्याचं काम म्हणणार?

आणि निकाल कोण लावतो, तेही बघा. मार्च २०२५ मध्ये पॉलीमार्केटवर प्रश्न होता, युक्रेन एप्रिलच्या आत ट्रम्प यांच्याशी खनिज करार मान्य करेल का? करार झाला नाही. निकाल लागला ‘हो’! तिथे वाद झाला की ‘यूएमए’ नावाचं टोकन बाळगणारे मतदान करतात. एकाच बड्या धारकाने तीन खात्यांतून चौथाई मतं टाकल्याचा आरोप झाला. निकाल अपेक्षेविरुद्ध लागल्याचं कंपनीने कबूल केलं, पैसे मात्र परत केले नाहीत. गावच्या उरुसात पंचानेच एका पैलवानावर पैसे लावले, तर आखाड्यात काय होईल ते आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

या बाजारांचे वकील म्हणतात, यातून समाजाला खरी माहिती मिळते. आपल्या पोरांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटायला हवा. जुगारात लोकांसाठी थोडा फायदाही आहे, हे कुरआननेच मान्य केलंय, आणि त्याच दमात गुन्हा फायद्याहून मोठा असल्याचंही सांगितलंय. माहिती आधीपासून ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी हा जुगार नाहीच. जुगार आहे तो फक्त तुमच्यासाठी.

(जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हा कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. पुढे कृषी खातं आपल्या इंदापूरच्या दत्तात्रय भरणेंकडे आलं आणि कोकाटेंना मिळालं क्रीडा व युवक कल्याण. युवक कल्याण!)

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून ज्याचे पैसे बुडालेत त्याने अब्बांच्या भीतीने किंवा लाजेने गप्प बसू नये, फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करावा. चालवणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. टेलिग्रामवर ‘फक्त जॉइन कर, बोनस मिळेल’ म्हणत लिंक फिरवणाऱ्या तुमच्या दोस्ताला हा शेवटचा आकडा बहुधा माहीत नाही.