संतांचे नाणे चालते हवे

सत्यसाईबाबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९ नोव्हेंबर २०२५ रोजी पुट्टपर्थी येथे पंतप्रधानांच्या हस्ते शंभर रुपयांचे स्मृतिनाणे प्रकाशित झाले. नऊ दिवसांनी आपल्या काणकोणात, पर्तगाळी जीवोत्तम मठाच्या साडेपाचशे वर्षांच्या सोहळ्यातही टपाल तिकिटासमवेत स्मृतिनाणे निघाले. तत्पूर्वी २०२१ साली भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपादांच्या जयंतीस सव्वाशे रुपयांचे नाणे निघाले होते. धर्मपुरुषांच्या या गौरवाचा आनंद कोणास होणार नाही? परंतु हा आनंद सामान्य भक्ताच्या हाती मात्र पडत नाही.

शंभर-सव्वाशे रुपयांची ही नाणी व्यवहारासाठी नसतातच. टांकसाळ ती आगाऊ मागणी नोंदवून घेऊन, दर्शनी किमतीहून कितीतरी अधिक दराने विकते. ती संग्राहकांच्या कपाटात जातात आणि तेथेच राहतात.

पूर्वी असे नव्हते. १९९९ साली ज्ञानेश्वर माउलींचे एक रुपयाचे, २००२ साली तुकोबांचे दोन रुपयांचे आणि २००९ साली केरळच्या संत अल्फोन्सा यांचे पाच रुपयांचे नाणे चलनात आले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कदंबच्या कंडक्टरच्या पिशवीत, देवळातल्या आरतीच्या तबकात ही नाणी फिरली. माउलींचा रुपया हिंदूने ख्रिस्ती पदेराला दिला, अल्फोन्साबाईंचे नाणे भटजींच्या दक्षिणेत आले. कोणाचाच धर्म बुडाला नाही.

नाण्यावरचा संत गोव्याला नवा नाही. सोळाव्या शतकात येथील पोर्तुगीज टांकसाळीत संत थॉमसची प्रतिमा असलेली सोन्याची नाणी पाडली जात. संताच्या पाठीमागे तेव्हा राजसत्तेची मुद्रा होती. राज्य कोणाचे आणि धर्म कोणता, हे ते नाणे प्रजेला बजावीत असे. ज्यांनी ती राजवट अनुभवली, त्यांना नाणे किती बोलते हे सांगणे न लगे. प्रजासत्ताकाच्या नाण्याने वेगळे बोलले पाहिजे. देवदेवस्थानांच्या नाण्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली फेटाळली, तेव्हा कायद्याचा प्रश्न मिटला आहे. उरला तो औचित्याचा. राज्याने सर्व पंथांच्या सत्पुरुषांना समान मान द्यावा आणि तो मान जनतेच्या रोजच्या व्यवहारात उतरावा, एवढीच अपेक्षा आहे.

हे अवघडही नाही. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ साली एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतची चलनी नाणी सरकारने काढलीच. तेव्हा यापुढे चांदीच्या प्रत्येक स्मृतिनाण्यासोबत त्याच सत्पुरुषाचे पाच वा दहा रुपयांचे साधे नाणेही निघावे. ज्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली अशी परंपरा सांगते, त्यांच्या परंपरेतील कोणाही संताला कपाटातील चांदीपेक्षा गरिबाच्या कनवटीची जागाच अधिक मानवेल.