सांडव्यावरून जाणारे पाणी कोणाच्या नावाचे?

पाऊस बरा झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या तलावाचा सांडवा वाहतो. सारे गाव बघायला जाते. दोन महिने जात नाहीत तोच त्याच शिवारातली पऱ्हाटी, बोंडे भरायच्या वेळी, एका पाण्यावाचून माना टाकते.

सांडवाच मीटरभर उंच का करत नाही, असे आपण बैठकीत विचारतो. इंजिनिअर नको म्हणतो, आणि या एका बाबतीत तो खरे बोलतो. सांडवा सिमेंटने उंचावला की पुराचे पाणीही तेवढे वर चढणार. मातीच्या भिंतीवरून पाणी गेले की भिंत टिकत नाही.

याला तोड आहे ती हवेने फुगणाऱ्या दाराची. सांडव्याच्या माथ्यावर जाड रबराची नळी बोल्टने आवळून बसवतात आणि कॉम्प्रेसरने हवा भरतात. पूर आला की झडप उघडायची, नळी चपटी होते, पाणी वरून निघून जाते. हवा सोडायला वीज लागत नाही, हे आमच्या मते सर्वांत मोलाचे. दुसऱ्या प्रकारात पुढे पोलादी पत्रा आणि त्याच्या मागे फुगा असतो. वाहत आलेल्या ओंडक्याचा मार पत्रा खातो. कॅलिफोर्नियातल्या फ्रायंट धरणाच्या सांडव्यावर अशी दारे आहेत.

आपल्या देशातही रबराचा बांध नवा नाही. आंध्रात झंझावती नदीवर 2006 साली झाला, कारण ओडिशाची बुडिताला हरकत होती. बिहारात गयेला फल्गू नदीवर 2022 साली 411 मीटर लांबीचा झाला, पिंडदानाला बारमाही पाणी मिळावे म्हणून. पितरांना पाणी मिळाले याचे आम्हाला दुःख नाही. जित्या पऱ्हाटीचाही नंबर लागावा, एवढेच.

आता हिशेब. तलावाचा पसारा काठोकाठ भरल्यावर 100 हेक्टर धरा. वर एक मीटर पाणी म्हणजे 10 लाख घनमीटर. साडेसात सेंटिमीटरचे एक पाणी द्यायला हेक्टरी 750 घनमीटर लागतात. निम्मे पाणी पाटात आणि उन्हात गेले तरी साडेसहाशे हेक्टरला एकेक पाणी मिळते. उसाला हा आकडा किरकोळ. कोरडवाहूवाल्याला त्यात सालभराचा खर्च निघतो.

पण ते मीटरभर पाणी चढते कोणाच्या जमिनीवर? तलावाच्या काठचा माणूस पाणी ओसरेल तशी गाळपेर करतो, ज्वारी-हरभरा टाकतो. पाणी महिनाभर जास्त थांबले तर त्याची पेरणी गेली. काठची कोणती जमीन पूर्वी संपादनात गेली आणि कोणती अजून सातबाऱ्यावर आहे, हे गट नंबरनिहाय जाहीर झाल्याशिवाय एक बोल्टही बसू देऊ नये. ज्याचे बुडणार त्याचा मोबदला आधी, दार नंतर. धरणग्रस्तांना एकदा फसवून झाले आहे. दुसऱ्यांदा आपल्या मागणीवरून फसवले गेले तर ते पाप आपले.

आणि राखणार कोण? कोल्हापूर बंधाऱ्यांचे बर्गे वेळेवर पडत नाहीत, पडले तर चोरीला जातात, हे आपण पाहतो आहोत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेम्पे तलावाचा रबरी बांध 20 जुलै 2010 च्या रात्री फुटला आणि तलाव रिकामा झाला. तिथेही आपल्यासारखेच ऊन आहे. पुढे 2016 साली पोलादी दारे बसवली. म्हणून आमचा कौल पत्रा-फुग्याला आहे, आणि झडपेची चावी पाणी वापर संस्थेच्या हातात असण्याला. संस्थेला पाण्याचा कोटा देणारा कायदा 2005 पासून आहे. वाढीव पाणी त्या कोट्यात आधी लेखी चढले पाहिजे, नाही तर ते पाइपाने शहराकडे किंवा कारखान्याकडे निघाले म्हणून समजा.

पाच वर्षांतून एकदाच वाहणाऱ्या सांडव्यावर मात्र हा खर्च फुकट आहे. तिथे गाळ काढा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या तलावाचा सांडवा गेल्या दहा वर्षांत कोणत्या साली वाहिला, किती दिवस वाहिला आणि काठाला कोणाकोणाची गाळपेर आहे, हे कागदावर लिहून आणा.